मुलासाठी मुलगी शोधणाऱ्या शेतकरी वडिलांना खुलं पत्र

आदरणीय काका, आण्णा, तात्या, दादा,

सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या पुरंदर तालुक्यात एक वधू-वर मेळावा झाला. आम्हा नवरा-बायकोला तिथं बोलावणं होतं. "पुण्यातली नोकरी सोडून गावाकडं शेती करणारं जोडपं" अशी ओळख करून देऊन माझ्या हातात माइक दिला आणि मुलींसाठी दोन शब्द बोलायला सांगितलं. शेतीत कष्ट आहेत, पण मानही आहे, असं काहीबाही मी बोलले. टाळ्या पडल्या. खाली उतरले तर पहिल्या रांगेतल्या एका आईनं माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "मान आहे म्हणतेस बाई, पण उतारा कुणाच्या नावावर आहे गं तुमचा?"

मी तिला खरं ते सांगितलं. पण तो प्रश्न तिनं मला एकटीला विचारावा आणि उत्तर दोघींतच राहावं, हे मला तेव्हापासून खातंय. स्टेजवरून मी बोलले मुलींशी. बोलायला हवं होतं तुमच्याशी. म्हणून हे पत्र.

त्या दिवशी मुलांच्या बायोडाट्यांचा गठ्ठा वीतभर उंच होता आणि मुलींची फाइल एकच, तीही बारीक. "हल्लीच्या मुलींना शेतकरी नको, त्यांना पुण्यात फ्लॅट पाहिजे," असं तुमच्यातले बरेच जण एकमेकांना सांगत होते. तुमच्या बोलण्यातलं दुःख मला कळतं. बत्तीस-चौतीस वर्षांचा कर्ता पोरगा घरात बिनलग्नाचा बसलेला बघणं आईबापाला किती जड जातं, ते मी आमच्याच भावकीत बघते. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून पोरं कलेक्टर कचेरीवर गेली, तेव्हा पुष्कळ जण हसले. मला हसू आलं नाही. मुलींचा जन्म रोखणाऱ्यांवर कायदा नीट चालवा, अशी त्या पोरांची मागणी होती आणि ती खरीच होती. आपण मुली जन्मालाच येऊ दिल्या नाहीत, त्याचं देणं आज फिटतंय.

पण ज्या मुली आहेत, त्यांचं काय? त्यांच्यातल्या कितीतरी जणींना शेती नको नसते. आम्ही शेतकऱ्याच्याच लेकी आहोत. शेणाचा वास, पहाटेचं पाणी, उधारी, भाव पडणं, यातलं आम्हाला काहीच नवीन नाही. आम्ही बघतो ते दुसरंच. तुमच्या मुलाच्या बायोडाट्यावर लिहिलेलं असतं, "घरची सहा एकर बागायत, विहीर, बोअर, ट्रॅक्टर." मुलीचा बाप आता घरी बसून मोबाइलवर सातबारा काढतो. त्यावर नाव असतं मुलाच्या आजोबांचं. आजोबा जाऊन नऊ वर्षं झालेली, वारसनोंद नाही, वडिलांना तीन भाऊ, दोन बहिणी. म्हणजे सहा एकरांत मुलाचं काय, तर रोजची पाळी आणि पाण्याची बारी. आणि येणाऱ्या सुनेचं? तिचं तर तेवढंही नाही.

आता आमचं सांगते. माझ्या सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. आम्ही २०२० साली गावी आलो. लॉकडाऊनमध्ये चाकणची कंपनी बंद पडली, मिस्टर तिथं फिटर होते. मी हडपसरला एका नर्सरीत रोपांचं आणि हिशेबाचं बघायचे. दोन महिन्यांसाठी आलो ते राहिलोच. मामांची चार एकर जमीन. दोन एकर वडिलोपार्जित आणि दोन एकर त्यांनी १९९४ साली डेअरीला दूध घालून जमवलेल्या पैशातून घेतलेली. त्या घेतलेल्या रानातलं दीड एकर मामांनी आम्हाला दिलं. दिलं म्हणजे तोंडानं. "हे तुमचं, काय करायचं ते करा," म्हणाले. आम्हाला तेवढ्यानंच आभाळ ठेंगणं झालं.

जून २०२१ मध्ये तीस गुंठ्यांत अंजीर लावला. पाच बाय पाच मीटरवर, १२० झाडं. आमच्या पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा बाजारात नाव तयार आहे, रोप फक्त जगवायचं, असा आमचा हिशेब. उरलेल्या रानात पावसाळ्यात वाटाणा, मागून कांदा, आणि दोन गाई. पहिली तीन वर्षं वाटाण्यानं आणि दुधानं घर चाललं. खोडकिडा, तांबेरा, टँकरचं पाणी, सगळं झालं. ते सांगत बसत नाही, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

२०२४ च्या मार्चमध्ये पहिला चांगला मीठा बहार, म्हणजे उन्हाळ्यात येणारं अंजिराचं पीक, तोडणीला आला. अंजीर थांबत नाही. आज पिकलेलं उद्या मऊ पडतं, परवा फेकायचं. पहाटे पाचला डोक्याला बॅटरी लावून तोडायचं, देठातून पांढरा चीक गळतो, बोटांच्या बेचक्यांत आग होते, मग खोबरेल लावायचं आणि परत तोडायचं. पाटीत तळाला अंजिराचीच पानं अंथरायची आणि एकेक फळ देठ वर करून लावायचं. सातला गाडी यायची, मार्केट यार्डात माल वेळेत पोचला तर भाव.

त्यातच २३ तारखेला मामांच्या छातीत दुखायला लागलं. पुण्याला हलवलं, दोन स्टेंट टाकले. मिस्टर दवाखान्यात आणि इथं रानात मी, आत्या आणि रोजानं आलेल्या दोन बायका.

आणि ३१ मार्च तोंडावर. सोसायटीचं पीककर्ज मामांच्या नावावर, १ लाख ४० हजार. वेळेत भरलं तर तीन लाखांपर्यंत व्याज शून्य, तारीख चुकली की सवलत गेली. सगळे करतात तसंच आमचंही: हातउसने आणायचे, भरायचे, नवं-जुनं करायचं आणि नवं कर्ज उचलून चार दिवसांत उसने परत द्यायचे. माझ्या भावानं पैसे दिले. मी ते घेऊन सोसायटीत गेले. पैसे भरून घेतले, पावती दिली. नव्या कर्जाच्या कागदावर सही करायला मी पेन हातात घेतलं, तर सचिवांनी रजिस्टर मागं ओढलं. "वहिनी, खातेदार लागतो. तुम्ही कागदावर कुणीच नाही."

ते वाईट मनानं बोलले नव्हते. नियमच तो. मी म्हटलं, मग मिस्टर आले तर चालेल का? तर म्हणाले, "तेही नाहीत ना कागदावर."

तीन वर्षं त्या रानात राबणारे आम्ही दोघं. एकेक झाड हातानं लावलेलं, पाणी आम्ही पाजलेलं, औषधाची उधारी आमच्या नावावर. आणि कागदावर दोघंही कुणीच नाही. मी पावती घेऊन बाहेर आले आणि पायरीवरच बसले. हाताला चीक लागून काळे डाग पडले होते, ते पदरानं पुसत होते, निघत नव्हते.

२९ तारखेला मामांना घरी सोडलं. ३० ला आम्ही त्यांना भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर आडवं करून सोसायटीच्या दारात नेलं. सचिव रजिस्टर घेऊन गाडीपाशी आले. मामांच्या मनगटाला दवाखान्याचा प्लास्टिकचा पट्टा तसाच होता, सलाइनच्या सुईनं हात सुजलेला. तीनदा सही चुकली. चौथ्यांदा जुळली. घरी परत येताना बराच वेळ ते काही बोलले नाहीत. गावाच्या वेशीपाशी आल्यावर एवढंच म्हणाले, "मी नसतो उठलो तर?"

आखितीला वन्सं माहेरी आल्या होत्या. मामांनी सगळ्यांना ओट्यावर बसवलं आणि सांगितलं, दीड एकर पोराच्या नावावर करतोय आणि त्यानं ते लगेच सुनेच्या नावासकट करायचं. आणि वडिलोपार्जित दोन एकरांत लेकीचं नाव माझ्यामागं लागेल, तिच्याकडं हक्कसोड, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा कागद, कुणी मागायची नाही. वन्सं रडायला लागल्या. मला आधी कळलं नाही त्या का रडतायत.

पुढचं मी नीट लिहिते, कारण तुमच्यातल्या अनेकांना हे माहीत नाही, आणि माहीत असलं तरी लई खर्चाचं आहे असं वाटतं. बापानं मुलाला शेतजमीन बक्षीसपत्रानं दिली तर आपल्या राज्यात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वर नियमाप्रमाणे बाकीचं जे लागतं ते वेगळं. मामांची ती जमीन स्वकष्टार्जित होती, म्हणून हा रस्ता सरळ होता. वडिलोपार्जित असेल तर महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडं वाटणी करून घेता येते, सगळ्या हिस्सेदारांची संमती लागते. मग नवऱ्याच्या नावावर आलेल्या जमिनीवर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायला लक्ष्मी मुक्ती योजना आहे. शासनानं ती १९९२ साली आणली. नवऱ्यानं तलाठ्याकडं अर्ज करायचा, फेरफार धरला जातो, नोटिशीची मुदत जाते, मंडळ अधिकारी मंजूर करतात, नाव लागतं. आमचं दसऱ्याच्या आत लागलं. माझ्या नावात एक काना चुकला होता, तो दुरुस्त करायला आणखी दोन चकरा झाल्या.

बक्षीसपत्राच्या वेळी एक गोष्ट कळली, ती माझ्या मनातून जात नाही. या २०० रुपयांच्या सवलतीत कोण कोण येतं, त्याची यादी आहे: नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात. सूनही आहे त्यात. पण मयत मुलाची बायको म्हणून. मुलगा जिवंत असताना सुनेला थेट द्यायचं तर ती सवलत नाही. सरकारला यावर मी वेगळं लिहिणार आहे. पण हा कायदा आभाळातून पडलेला नाही. आपल्या घरांत जशी पद्धत, तसाच तो लिहिलाय. सुनेचं नाव आपण कधी आठवतो, तर पोरगा गेल्यावर. आत्महत्या झालेल्या घरांत बायका वारसनोंदीसाठी कचेऱ्या झिजवतात, भावकी अंगावर येते, तेव्हा सगळे हळहळतात. ते नाव लग्नाच्या पहिल्या वर्षी लावलं असतं तर?

नाव लागल्यावर काय बदललं, तर माझा शेतकरी ओळख क्रमांक निघाला. सोसायटीची सभासद झाले. ठिबकचा अर्ज माझ्या नावानं केला, अल्पभूधारकाला ८० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. पीएम किसानचा आम्हाला उपयोग नाही, कारण १ फेब्रुवारी २०१९ च्या आधी ज्याच्या नावावर जमीन होती त्यालाच ती योजना, त्यानंतर वारसानं आलेली तेवढी चालते. उशिरा केलेल्या नावाला काय काय मुकावं लागतं, त्याचं हेही एक उदाहरण. आणि पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद. आडत्याच्या पट्टीला काही सातबारा लागत नाही, तरी इतकी वर्षं माल मीच भरून पाठवायचे आणि पट्टी मामांच्या नावानं यायची. या बहाराला पहिल्यांदा माझ्या नावानं आली. मी ती देवघरात ठेवली.

आता तुमच्या मनातलं. मेळाव्यात दोघा-तिघांनी मला तोंडावर विचारलं, "उद्या सून सोडून गेली तर?" प्रश्न राग येण्यासारखा आहे, पण मी राग धरत नाही, तुमची ती आयुष्याची कमाई आहे. पण उलटं बघा. आपल्या तालुक्यात प्लॉटिंगवाले रोज एका तरी पोराला चहा पाजतायत. पोरगा एकटा मालक असेल तर एका सहीत रान जातं. दोघांचं नाव असेल तर अख्खं रान विकायला तिचीही सही लागते. लेकरांची आई तिथं सहजी सही करत नाही. मी तरी करणार नाही. जमिनीला राखण घालायची असेल तर सुनेच्या नावासारखी राखण नाही.

"आमच्या म्हातारपणाचं काय?" हा प्रश्न मात्र अगदी रास्त आहे, आणि कुणी तो विचारायला लाजू नये. सगळं देऊच नका. मामांनीही दिलं नाही, त्यांनी अडीच एकर स्वतःकडं ठेवलंय. आणि जे द्याल त्याच्या बक्षीसपत्रात लिहून घ्या, की आमचा सांभाळ करायचा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ आहे. तशी अट घालून दिलेली जमीन मुलांनी सांभाळ केला नाही तर परत मागता येते. आमच्या बक्षीसपत्रात ती अट आहे. ती घाला, असं मामांना मीच सांगितलं होतं.

तुकडे पडतील म्हणणाऱ्यांनाही सांगते, बायकोचं नाव लागल्यानं बांध पडत नाही. तुकडेबंदीची बागायतीला १० गुंठे, जिरायतीला २० गुंठे ही मर्यादा वेगळे हिस्से करताना बघायची. इथं रान तेवढंच राहतं, नाव एक वाढतं.

लेकीबद्दल थोडं जास्त लिहू द्या. २०१८ साली माझं लग्न ठरलं, आणि लग्नाच्या दीड महिना आधी मला दुपारच्या वेळी दुय्यम निबंधक कचेरीत नेलं. हक्कसोडपत्र होतं. १९९४ सालीच महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतका हक्क दिलाय, सगळ्या देशानं २००५ साली दिला, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी अंगठा दिला, फोटो काढला, सही केली. घरचे चांगले आहेत, भाऊ जीवाला जीव देतो, मार्चमध्ये पैसे त्यानंच दिले. पण त्या दुपारी कुणी मला विचारलं नाही. त्या सहीनं मी माहेरच्या कागदावरून उतरले, आणि सासरच्या कागदावर चढायला मला सहा वर्षं लागली. मधली सहा वर्षं मी कुठल्या कागदावर होते? रेशनकार्डावर. आखितीला ओट्यावर वन्सं का रडल्या, ते मला रात्री भांडी घासताना कळलं.

१९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं त्यानंतर गावोगाव लक्ष्मी मुक्तीची हाक दिली, आणि शेतकरी गड्यांनी आपखुशीनं बायकांच्या नावावर जमिनी केल्या. तेव्हाचे शेतकरी तुमच्याहून शिकलेले नव्हते, श्रीमंतही नव्हते. देशाच्या २०१५-१६ च्या कृषी गणनेत शंभर वहितीधारकांत, म्हणजे शेत ज्यांच्या नावानं कसलं जातं त्यांच्यात, बायका चौदासुद्धा भरल्या नाहीत. रानात खुरपणीला, तोडणीला, धारेला किती असतात ते तुम्ही रोज बघताच.

त्याच १९८६ साली आत्या लग्न होऊन या घरात आल्या. उतारा घरी आणला त्या दिवशी त्या गाईची धार काढून आल्या होत्या. चौथीपर्यंत शिकल्यात, अक्षर लावून वाचतात. हात पुसून त्यांनी कागद घेतला आणि माझ्या नावाखाली बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. मग मामांकडं न बघता विचारलं, "माझंबी लागतंय का ह्याच्यावर?" घरात कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा चहा न घेताच तलाठ्याकडं गेले.

तुमच्याकडं माझं मागणं एवढंच आहे. मुलगी बघायला जाण्याआधी वारसनोंद करून घ्या. सुपारी फोडताना मुलीच्या बापाला सांगा, की पहिल्या दिवाळीच्या आत एवढ्या गुंठ्यांवर पोराचं नाव लागेल आणि त्याच्याशेजारी तुमच्या लेकीचं. वीस गुंठे का असेना. बायोडाट्यावर "सहा एकर" लिहिण्यापेक्षा हे लिहा. आणि तुमचीही लेक कुठंतरी सून होऊन जाणार आहे, तिच्या सासऱ्यालाही हेच विचारा.

पुढचा मेळावा तुळशीच्या लग्नानंतर आहे. मी संयोजकांना विचारलंय, या वेळी मला भाषण नको, दाराजवळ एक टेबल द्या. लक्ष्मी मुक्तीचे कोरे अर्ज मी घेऊन येईन. येताना सातबारा, आठ-अ, मुलाचं लग्न झालं असेल तर दोघांचं आधार आणि लग्नाचा पुरावा बरोबर आणा. ज्यांची वारसनोंद राहिलीय त्यांनी मृत्यूचा दाखला आणा, तो अर्जही तिथंच भरू. आत्याही येणार आहेत. घरातली म्हातारी माणसं तयार होत नसतील तर त्यांना आत्यांच्या शेजारी बसवा.

आपली,
कऱ्हाकाठची एक सून,
खातेदार शेतकरी